४०७ × ३६ : अबॅकसवरचा मोठा गुणाकार आणि हरवलेलं शून्य



अबॅकसवर बेरीज-वजाबाकी शिकवणारे आपल्यात आता पुष्कळ आहेत. मणी वर-खाली करायला मुलांना आवडतं, पालकांना पोराचा हात भराभर चाललेला दिसतो, सगळे खूश असतात. खरी गंमत आणि खरी पंचाईत सुरू होते ती गुणाकारात, तीही दोन अंकी, तीन अंकी संख्या आल्या की. आजचा पाठ त्याबद्दल आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधीच सांगून टाकते. ही चूक करणारी मी एकटीच असेन असं मला वाटत नाही.

आमच्या शाळेत शनिवारच्या तासाला मी पाचवीच्या मुलांना अबॅकस शिकवते. त्यातली एक मुलगी बोटांनी फार चपळ आहे. घरी गाई आहेत, दूध डेअरीला जातं, दर दहा दिवसांनी बिल येतं. एकदा बिल यायच्या आदल्या दिवशी वडिलांनी तिला सहज विचारलं, "चारशे सात लिटर गेलंय, सरासरी छत्तीसचा भाव धर. किती होतील बघ तुझ्या त्या मण्यांवर." तिने अबॅकस काढला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, "एक हजार सहाशे ब्याण्णव." वडील हसायला लागले. म्हणाले, "अगं, चारशे लिटरला नुसते तीस धरले तरी बारा हजार होतात. सोळाशेत पेंडीचं पोतं तरी येतं का?"

सोमवारी ती अबॅकस परत करायला आली. "बाई, हे चुकीचं उत्तर देतंय. मला नको."

मी तिला माझ्यासमोर पुन्हा गणित करायला लावलं. बोटं बरोबर होती, पाढे बरोबर होते, हातचे बरोबर होते. उत्तर पुन्हा १६९२ आलं. मग माझ्या लक्षात आलं, की तिने मी शिकवल्याप्रमाणेच सगळं केलं होतं. मी सांगितलं होतं, "एका अंकाचा गुणाकार झाला की एक दांडी डावीकडे सरकायचं आणि पुढचा अंक घ्यायचा." सोपं, लक्षात राहणारं वाक्य! उदाहरणं दिली होती ४६ × २३, ५८ × ३४, ३२७ × २४. सगळी बरोबर आली होती. येणारच, कारण एकाही उदाहरणात मी शून्य ठेवलं नव्हतं. ४०७ मध्ये तिने ७ चा गुणाकार केला, शून्याने काहीच मिळत नाही म्हणून ते सोडलं, आणि ४ चा गुणाकार "एक दांडी डावीकडे" मांडला. म्हणजे तिने प्रत्यक्षात ४७ × ३६ केलं. करून बघा, १६९२ च येतात.

तेव्हा तो पाठ मी परत शिकवला, नव्याने. तोच इथे लिहिते आहे.

आधी साधनाबद्दल थोडं. आपल्या पहिली-दुसरीच्या पुस्तकात उभ्या दांड्यांत रिंगा घालायचा अबॅकस असतो, तो संख्या दाखवायला छान आहे. इथे मी बोलते आहे ती जपानी पद्धतीच्या सोरोबानबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये हाच असतो. मध्ये आडवी पट्टी, पट्टीच्या वर प्रत्येक दांडीला एक मणी, त्याची किंमत ५. पट्टीच्या खाली चार मणी, प्रत्येकाची किंमत १. जो मणी पट्टीला चिकटला तोच मोजायचा. त्यामुळे एका दांडीवर ० ते ९ एवढंच बसतं, त्याहून एकही जास्त नाही. चिनी सुआनपानमध्ये वर दोन आणि खाली पाच मणी असतात, तिथे एका दांडीवर जास्त मावतं. सोरोबानमध्ये तशी सवलत नाही, हातचा लगेच पुढे पाठवावाच लागतो.

गुणाकारासाठी दोन्ही संख्या मांडतात. गुणक (३६) डाव्या टोकाला, तो फक्त बघण्यापुरता. मुलांना पाठ राहत असेल तर नाही मांडला तरी चालतो. गुण्य (४०७) मधोमध. गुणाकार गुण्याच्या उजवीकडे तयार होत जातो, आणि गुण्याचा एकेक अंक काम झालं की पुसला जातो.

दांड्यांना नावं देऊ या, म्हणजे लिहिताना गोंधळ होणार नाही. गुण्याच्या तीन दांड्या क, ख, ग. त्यांच्या उजवीकडच्या घ, च, छ. (ङ मुद्दाम सोडला आहे, वर्गात कुणाला धड म्हणता येत नाही.)

मांडणी अशी : क ४, ख ०, ग ७, घ ०, च ०, छ ०.

आता नियम. डाव्या हाताचं बोट गुण्याच्या त्या अंकावर ठेवायचं ज्याचं काम चालू आहे. त्या बोटाच्या लगेच उजवीकडच्या दोन दांड्या म्हणजे गुणकाच्या पहिल्या अंकाचं घर. गुणकाचा दुसरा अंक घेतला की घर एक दांडी उजवीकडे सरकतं. तिसरा घेतला की आणखी एक. पाढ्याचं प्रत्येक उत्तर दोन दांड्यांवर बसतं, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. बस, एवढंच. या नियमात "मागच्या वेळी कुठे होतो" हा प्रश्न कुठेच नाही, हे बघा. माझ्या जुन्या वाक्यात सगळा हिशोब मागच्या जागेवरून होता. नव्या नियमात तो ज्या अंकाचं काम आहे, त्याच्या स्वतःच्या जागेवरून आहे.

बोट ग वर, अंक ७. सात त्रिक एकवीस : घ वर २, च वर १. एक दांडी सरका. सात सक बेचाळीस : च वर ४ मिळवायचे, छ वर २. च वर आधी १ आहे, खाली तीनच मणी उरले आहेत, म्हणून चारचा छोटा मित्र आठवायचा. वरचा ५ खाली घ्यायचा, खालचा १ काढायचा. च वर ५ झाले. आता ग वरचे ७ पुसायचे. अबॅकसवर दिसतंय : घ २, च ५, छ २. म्हणजे २५२, सात छत्तीसे बरोबर.

बोट ख वर. शून्य. काही करायचं नाही. पण बोट तिथे ठेवायचं! हे मी आता सक्तीने करून घेते. बोट ठेवून "शून्य, काम नाही" असं मोठ्याने म्हणायचं आणि मगच उचलायचं.

बोट क वर, अंक ४. चार त्रिक बारा : बोटाच्या लगेच उजवीकडे, म्हणजे ख वर १, ग वर २. सरका. चार सक चोवीस : ग वर २ मिळवले, ४ झाले. घ वर ४ मिळवायचे, तिथे २ आहेत, पुन्हा छोटा मित्र, ६ झाले. क वरचे ४ पुसा.

उरलं : ख १, ग ४, घ ६, च ५, छ २. चौदा हजार सहाशे बावन्न रुपये.

त्या मुलीने जुन्या पद्धतीत चार त्रिक बारा कुठे मांडले होते? ग आणि घ वर. एका दांडीचा फरक, आणि बिलात १२,९६० रुपयांचा.

आता "असं का?" हा प्रश्न पाचवीच्या मुलांनी विचारला पाहिजे. नाही विचारला तर आपण विचारावा. उत्तर स्थानिक किमतीत आहे. गुणाकाराची एककाची दांडी कोणती, ते आधीच ठरवता येतं. गुण्याच्या एककाच्या दांडीपासून उजवीकडे, गुणकात जितके अंक तितक्या आणि आणखी एक दांडी मोजायची. ३६ मध्ये दोन अंक, म्हणून ग पासून तीन दांड्या : घ, च, छ. छ एकक, च दशक, घ शतक, ग हजार, ख दशहजार. आता बघा, ४०७ मधले ४ म्हणजे चार शतक, ३६ मधले ३ म्हणजे तीन दशक. चार शतक गुणिले तीन दशक म्हणजे बारा हजार. बारा हजारातला १ दशहजारावर आणि २ हजारावर, म्हणजे ख आणि ग. नियमानेही तेच आलं होतं. नियम आणि स्थानिक किंमत एकच गोष्ट सांगतात, फक्त नियमाने बोट लवकर जातं.

इथे मुलांना अडचण येते ती एकाच दांडीला दोन नावं असल्याची. ग दांडी गुण्यासाठी एककाची आहे आणि गुणाकारासाठी हजाराची. मोठ्या माणसालाही हे क्षणभर चकवतं. मी छ च्या वर चौकटीवर पेन्सिलने बारीक खूण करायला सांगते, "इथे आपलं उत्तर संपणार." पुष्कळ सोरोबानवर पट्टीवर दर तिसऱ्या दांडीला ठिपका असतो, तो वापरला तरी चालेल. फक्त मुलांना सांगा, की ते ठिपके तीन-तीनच्या गटाचे आहेत. आपण हजारानंतर दोन-दोनचे गट करतो. हजारापर्यंत ठिपका जुळतो, लाखाला जुळत नाही. माझ्या वर्गातल्या एकाने ठिपक्यावर विश्वास ठेवून दहा लाखाला लाख म्हटलं होतं.

यानंतरची अडचण आपल्या पाढ्यांची आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. आपण म्हणतो "तीन दुणे सहा". सहा हा एकच अंक ऐकू येतो. मूल तो एकच अंक कुठे ठेवणार? बोटाच्या लगेच उजवीकडच्या पहिल्या दांडीवर, कारण ती पहिली दिसते. खरं तर तिथे शून्य बसायला हवं आणि सहा त्याच्या पुढे. म्हणून अबॅकसच्या तासाला आम्ही "तीन दुणे शून्य सहा" म्हणतो. "बे चोक शून्य आठ." सुरुवातीला मुलं हसतात, आठवड्याभरात सवय होते. जपानी मुलांच्या पाढ्यात याची सोय आयतीच आहे. तिथे "नि सान गा रोकु" म्हणजे दोन त्रिक सहा, आणि "सान शि जू नि" म्हणजे तीन चोक बारा. उत्तर एक अंकी असलं की मध्ये "गा" येतो, दोन अंकी असलं की येत नाही. अबॅकसवर बसलेल्या पोराला तो "गा" म्हणजे इशाराच, की पहिली दांडी मोकळी सोड. आपल्या पाढ्यांना फार सुंदर लय आहे, पण हा इशारा नाही. तो आपणच घालायचा.

याचीच उलटी बाजू वीस, तीस, चाळीसची. पाच चोक वीस. मूल "वीस" ऐकून २ ठेवतं आणि शून्याची दांडी विसरतं, मग ते २ कधी डाव्या दांडीवर पडतात, कधी उजव्या. "वीस : दोन, शून्य" असं फोडून म्हणायला लावा.

आणि फोडून म्हणण्याची सवय एरवीही लागतेच, कारण मराठीत चोवीस म्हणताना चार आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. बेचाळीस, त्रेसष्ट, सत्त्याऐंशी, सगळीकडे एकक आधी. अबॅकसवर मात्र डावीकडचा दशक आधी पडायला हवा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. त्या वादात मला आत्ता पडायचं नाही. घरात आणि बाजारात आपण चोवीसच म्हणणार. पण अबॅकसच्या तासापुरतं "चोवीस, दोन चार" असं म्हटलं की उलटसुलट मणी पडण्याच्या चुका माझ्या वर्गात बऱ्याच कमी झाल्या, एवढा अनुभव सांगते.

आता तीन अंकी गुणिले तीन अंकी. मुद्दाम अडचणींनी भरलेलं उदाहरण घेते : ५२८ × ३०४. यात गुणकाच्या मध्ये शून्य आहे, आणि वर सांगितलेली "शून्य सहा" आणि "दोन शून्य" ही दोन्ही भुतं आहेत.

क ५, ख २, ग ८. गुणकात तीन अंक, म्हणून उत्तराची एककाची दांडी ग पासून चौथी : घ, च, छ, ज. ज वर खूण करा.

बोट ग वर, अंक ८. आठ त्रिक चोवीस, दोन चार : घ २, च ४. आता गुणकाचं शून्य. मणी काहीच हलत नाहीत, पण घर एक दांडी सरकतं. घ-च वरून च-छ वर आलो. इथेच मुलं घसरतात, शून्य सोडताना सरकणंही सोडून देतात. मग ४ : आठ चोक बत्तीस, तीन दोन, घर छ-ज : छ ३, ज २. ग पुसा. दिसतंय २४३२.

बोट ख वर, अंक २. बे त्रिक शून्य सहा : घर ग-घ. ग वर शून्य, घ वर ६ मिळवा, २ आणि ६ आठ. शून्यासाठी एक सरका. बे चोक शून्य आठ : घर च-छ. च वर काही नाही, छ वर ८ मिळवायचे. छ वर ३ आहेत. आठचा मोठा मित्र दोन. छ वरून २ काढा, च वर १ वाढवा. छ १, च ५. ख पुसा. दिसतंय घ ८, च ५, छ १, ज २, म्हणजे ८५१२.

बोट क वर, अंक ५. पाच त्रिक पंधरा, एक पाच : ख १, ग ५. शून्यासाठी सरका. पाच चोक वीस, दोन शून्य : घर घ-च. घ वर २ मिळवायचे, तिथे ८ आहेत. दोनचा मोठा मित्र आठ. घ वरून ८ काढा, ग वर १ वाढवा. ग ६, घ ०. च वर शून्य मिळवायचं, म्हणजे तसंच. क पुसा.

ख १, ग ६, घ ०, च ५, छ १, ज २. एक लाख साठ हजार पाचशे बारा.

फळ्यावर हाच गुणाकार उभ्या मांडणीने शेजारी करून दाखवा. तिथे आपण तीन ओळी लिहितो आणि शेवटी बेरीज करतो. अबॅकसवर ओळी नाहीत, बेरीज करत करतच पुढे जायचं असतं. म्हणून चूक झाली तर ती शोधायला मागे काहीच उरत नाही, गुण्याचा अंकसुद्धा पुसलेला असतो. वहीत खाडाखोड तरी दिसते! हा अबॅकसचा खरा तोटा आहे आणि तो मुलांना सांगायला हरकत नाही. अडलं की सगळं शून्यावर आणून परत सुरुवात.

मग उत्तर तपासायचं कसं? आपण जुन्या शाळेतली माणसं लगेच नऊचा ताळा काढतो. ५२८ च्या अंकांची बेरीज १५, म्हणजे ६. ३०४ ची ७. सहा साती बेचाळीस, म्हणजे ६. उत्तराच्या अंकांची बेरीज १ + ६ + ० + ५ + १ + २ = १५, म्हणजे ६. ताळा जुळला. छान. आता त्या मुलीच्या चुकलेल्या उत्तराला ताळा लावा. ४०७ ची बेरीज ११, म्हणजे २. ३६ ची ९. दोन नवे अठरा, म्हणजे ९. आणि १६९२ ची बेरीज १८, म्हणजे ९. जुळला! उत्तर साफ चुकलेलं आणि ताळा बरोबर. कारण उघड आहे, शून्य हरवलं म्हणून अंकांची बेरीज काही बदलत नाही, ४०७ आणि ४७ ताळ्याला सारखेच. जागा चुकल्याची चूक नऊच्या ताळ्याला कधीच दिसत नाही, आणि अबॅकसवर तीच चूक सगळ्यात जास्त होते. अंक मोजूनही भागत नाही. तीन अंकी गुणिले दोन अंकी म्हणजे उत्तर चार किंवा पाच अंकी, १६९२ त्यातही बसतं.

ती चूक पकडली तिच्या वडिलांनी, ना मणी ना कागद घेता. चारशे गुणिले तीस, बारा हजार. म्हणून आता माझ्या वर्गात मण्यांना हात लावायच्या आधी अंदाज सांगायचा आणि वहीच्या कोपऱ्यात लिहायचा, हा नियम आहे. ५२८ × ३०४ ला "पाचशे गुणिले तीनशे, दीड लाखाच्या आसपास." उत्तर १,६०,५१२ आलं तर ठीक, १६ हजार आलं तर पुन्हा करा. ताळाही काढतो, पण नंतर. तो पाढ्याच्या आणि हातच्याच्या चुका पकडतो, अंदाज जागेच्या चुका पकडतो.

वेगाबद्दल पालक नेहमी विचारतात, म्हणून एक जुनी हकीकत. नोव्हेंबर १९४६ मध्ये टोकियोत एक सामना झाला होता. एकीकडे सोरोबान घेऊन कियोशी मात्सुझाकी, जपानच्या टपाल खात्याच्या बचत विभागातले निष्णात. दुसरीकडे अमेरिकन सैन्यातले थॉमस वूड, विजेवर चालणारं गणनयंत्र घेऊन. सोरोबान ४ विरुद्ध १ ने जिंकला. बेरीज, वजाबाकी, भागाकार, मिश्र उदाहरणं, सगळीकडे मणी पुढे. जो एक प्रकार यंत्राने जिंकला तो म्हणजे गुणाकार. मला यात नवल वाटत नाही. दोन अंकी गुणिले दोन अंकी म्हणजे पाढ्याची चार उत्तरं मांडायची, तीन गुणिले तीनला नऊ, पाच गुणिले पाचला पंचवीस. अंक दुप्पट झाले की बेरजेचं काम दुप्पट होतं आणि गुणाकाराचं चौपट. अशा ठिकाणी पाचवीच्या पोराला घड्याळ लावून बसवणं मला तरी पटत नाही. चार अंकी गुणाकार भराभर करून दाखवणारं मूल कौतुकाचं आहेच, पण पालकहो, एकदा त्याला मध्येच थांबवून विचारा, "आत्ता हे बारा तू ठेवलेस, ते बारा काय आहेत? बारा, बाराशे की बारा हजार?" उत्तर आलं तर क्लासचे पैसे सत्कारणी लागले.

क्लास लावायचाच का, हाही प्रश्न येतो. वडोदऱ्यातल्या एका शाळेत संशोधकांनी तीन वर्षं मुलांना मनातल्या अबॅकसचं शिक्षण देऊन अभ्यास केला होता. आकडेमोड सुधारली, पण स्मरणशक्तीसारख्या मूळ क्षमता वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा आकडेमोडीसाठी शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, जाहिरातीतल्या बाकीच्या गोष्टींसाठी नको. आणि साधन नाही म्हणून अडू नका. जमिनीवर खडूने सात उभे रकाने आखा, मधून एक आडवी रेघ मारा, वर पाचचा एक चिंचोका आणि खाली एकाचे चार. मणी सरकवण्याऐवजी चिंचोका रेघेजवळ आणायचा. वेग येत नाही, पण एक दांडी सरकणं म्हणजे काय ते मुलांना पायाखाली दिसतं. शून्याच्या रकान्यात मी एकेका मुलाला उभंच करते, "तू शून्य, तुझं काम जागा सांभाळायची." ते मूल इमानदारीने उभं राहतं, मग त्याच्यावरून उडी मारून पुढचा अंक चुकीच्या रकान्यात नेणं कुणाला जमत नाही.

त्या मुलीने अबॅकस परत नेला. पुढच्या बिलाच्या वेळी आधी अंदाज, मग मणी, असं तिने केलं, आणि वडिलांनी डेअरीच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. जुळलं नाही! जवळ आलं होतं, पण जुळलं नाही, कारण भाव छत्तीस रुपये पन्नास पैसे लागला होता आणि तिने छत्तीसच धरला होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आली, "बाई, पन्नास पैसे कुठल्या दांडीवर ठेवायचे?"

आम्ही जुन्याच चारशे सात लिटरवर करून बघितलं. ३६.५ मध्ये अंक तीन आहेत, पण एककाची दांडी ठरवताना दशांशचिन्हाच्या आधीचेच अंक मोजायचे, दोन. म्हणजे खूण छ वरच राहते. गुणाकार मात्र ३, ६, ५ अशा तिन्ही अंकांनी करायचा, घर प्रत्येक वेळी उजवीकडे सरकवत. शेवटचा अंक छ च्या पलीकडे ज वर जातो, तो रुपयाचा दहावा भाग. उत्तर आलं ख १, ग ४, घ ८, च ५, छ ५, ज ५. तिने खुणेपर्यंत वाचलं, चौदा हजार आठशे पंचावन्न रुपये, आणि ज वरच्या पाचाकडे बोट दाखवून विचारलं, "हे पाच पैसे की पन्नास?"